कागदाचे पान आणि पडद्यावरचे पान

तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभे आहात अशी कल्पना करा. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, जालना रस्त्यावरून वाहने धावत आहेत. हातातल्या वर्तमानपत्रात मथळा आहे : 'उद्या चौकातून वाहतूक बंद'. तुम्हांला काही अडचण पडते का? मुळीच नाही. चौक कोणता ते गावात राहणाऱ्यास कळते, 'उद्या' कोणता ते पानाच्या माथ्यावरची तारीख सांगते, आणि रस्ता कोणता ते शेजारचा नकाशा दाखवतो.

आता हीच बातमी जशीच्या तशी वेबपानावर ठेवली तर? ती नागपूरचा वाचक वाचील, कदाचित तीन वर्षांनी वाचील. शोधताना त्याच्यापुढे नुसती मथळ्याची ओळ येईल. त्याने 'उद्या' कोणता समजावा? म्हणून वेबवर लिहिणारा गाव, चौक, वार आणि तारीख मजकुरातच घालतो. इतकेच काय, २०२३ साली औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा दोन्ही नावे दिली तर जुन्या नावाने शोधणाऱ्यासही पान सापडते.

हा फरक का पडतो? छापखान्यात जुळारी खिळे जुळवून ओळ बांधी. ओळ कोठे तुटायची, चित्र कोठे बसायचे, हे एकदा ठरले की हजारो प्रतींत तेच. वेबपानाचे तसे नाही. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. तेथे नाना तऱ्हेचे संगणक होते. तेव्हा मजकुराबरोबर 'हा मथळा', 'हा परिच्छेद' एवढ्याच खुणा पाठवायच्या आणि मांडणी वाचणाऱ्याच्या यंत्राने करायची, अशी युक्ती निघाली. पाणी जसे भांड्याचा आकार घेते, तसा हा मजकूर पडद्याच्या रुंदीचा आकार घेतो. संगणकावर चित्र उजवीकडे असेल, तेच मोबाइलवर खाली जाईल. मग 'शेजारच्या चौकटीत पाहा' किंवा 'मागील पानावरून पुढे' ह्या शब्दांना अर्थ उरत नाही. चौकटीचे नावच द्यावे लागते.

मराठीची गंमत आणखी वेगळी. छापखान्यात 'क्ष'चा एक स्वतंत्र खिळा असे. संगणकात मात्र प्रत्येक वर्णाला क्रमांक असतो. युनिकोड ह्या जागतिक तक्त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत 'क' म्हणजे २३२५, हलन्ताची खूण २३८१, आणि 'ष' २३५९. हे तीन क्रमांक ओळीने आले की यंत्र 'क्ष' काढते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी पाने आपापले फॉन्ट वापरीत. तो फॉन्ट तुमच्या संगणकात नसला की बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसे, आणि शोधू गेल्यास ती सापडतही नसे. कागदावर शाई दिसली की काम झाले. पडद्यावर अक्षराच्या पाठीमागचा क्रमांकही बरोबर हवा!

आजही एक चूक सर्रास होते, आणि मला ती फार खटकते. परीक्षेच्या वेळापत्रकाचा कागद फोटो काढून तसाच वेबवर चढवतात. डोळस मुलाला तो कसाबसा वाचता येतो. पण दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलमधला वाचक कार्यक्रम अक्षरे ओळखून मोठ्याने वाचतो. फोटोचे नुसते रंगीत ठिपके त्याच्या हाती नीट लागत नाहीत. ज्या मुलाला वेबचा सर्वांत जास्त उपयोग व्हायचा, त्याचेच वेळापत्रक हुकते. तेच शब्द टंकून घालायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

एक प्रयोग करून पाहा. तुमच्या शाळेच्या फलकावरची एखादी सूचना उतरवून घ्या. 'आज', 'उद्या', 'वरील', 'शेजारील', 'आपली शाळा' ह्या शब्दांखाली रेघ मारा. मग परगावच्या मित्राला ती पुढच्या वर्षी वाचायची आहे असे समजून पुन्हा लिहा, आणि किती शब्द बदलावे लागले ते मोजा.