मिशीचा एक स्पर्श आणि मज्जापेशींची भिन्न उत्तरे

‘स्पर्श झाला असता मेंदूतील अमुक क्षेत्र उद्दीपित होते’, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकतो व उच्चारतो, की त्यातील ‘उद्दीपित होते’ या पदाचा अर्थ तपासून पाहावा असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः कोणत्याही एका क्षेत्रात अनेक जातींच्या पेशी एकत्र नांदत असतात. एकाच स्पर्शाने त्यांपैकी काही तीव्रतेने स्पंदू लागतात, काही केवळ किंचित विचलित होतात, तर काही चालू असलेले कार्यही थांबवितात. ही भिन्नता म्हणजे गौण तपशील नव्हे. स्पर्शज्ञानाच्या यंत्रणेचे मर्मच तीत आहे. उंदराच्या मिशांवरील संशोधनाच्या आधारे हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

याकरिता उंदराचीच निवड का, याचे उत्तर त्याच्या जीवनक्रमात आहे. अंधारात वावरणारा हा प्राणी मिशा पुढेमागे हलवीत भोवतालच्या वस्तू चाचपतो. रॅट जातीच्या मोठ्या उंदरात ही हालचाल सेकंदास सुमारे ५ ते १५ वेळा होते. प्रत्येक मिशीच्या मुळाशी असलेल्या तंतूंकडून संदेश पाचव्या मस्तिष्क-मज्जेच्या मार्गाने प्रथम मस्तिष्कस्तंभात, तेथून थॅलॅमसमध्ये व अखेरीस मस्तिष्क-बाह्यकाच्या चौथ्या स्तरात पोहोचतो. या स्तरात पेशींचे पिंपाच्या आकाराचे पुंजके असून त्यांची मांडणी मुखावरील मिशांच्या रांगांशी तंतोतंत जुळते, हे थॉमस वूल्सी व हेंड्रिक व्हॅन डर लूस यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. एक मिशी, एक पुंजका! त्यामुळे कोणत्या मिशीस स्पर्श केला असता कोठे पाहावयाचे, हे संशोधकास आधीच ठाऊक असते.

आता या पुंजक्यांतील व त्यांच्या वरखालच्या स्तरांतील रहिवाशांची ओळख करून घेऊ. बाह्यकातील सुमारे चार-पंचमांश मज्जापेशी उत्तेजक असून त्या ग्लुटामेट हे द्रव्य स्रवतात. उरलेल्या निरोधी पेशी गाबा या द्रव्याच्या योगे इतरांस आवरतात. निरोधी पेशींचे, त्यांत आढळणाऱ्या रेणूंवरून, तीन मोठे वर्ग मानले जातात. पार्व्हाल्ब्युमिन धारण करणाऱ्या पेशी अतिशय जलद स्पंदतात व प्रामुख्याने उत्तेजक पेशींच्या मुख्य देहाभोवती आपली टोके रोवतात. सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशी मुख्यत्वे त्यांच्या दूरच्या शाखांना निरोध करतात. तिसऱ्या वर्गात व्हीआयपी या पेप्टाइडाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी येतात. त्यांचे वैशिष्ट्य पुढे येईलच.

थॅलॅमसकडून येणारा संदेश चौथ्या स्तरातील उत्तेजक पेशींबरोबरच पार्व्हाल्ब्युमिनयुक्त पेशींनाही थेट मिळतो. या दुसऱ्या पेशी इतक्या तत्परतेने उत्तर देतात, की उत्तेजनापाठोपाठ काही मिलिसेकंदांतच निरोध येऊन ठेपतो. उत्तेजक पेशीस स्पंदण्यासाठी मिळणारा अवधी अशा रीतीने अत्यल्प राहतो. विस्कळीतपणे आलेले संदेश त्यात विरून जातात. एकाच क्षणी एकवटून आलेले तेवढे पार होतात. उंदीर स्वतःच्या इच्छेने मिशा हलवितो तेव्हाही थॅलॅमसकडून संदेश येतच असतात. परंतु चौथ्या स्तरातील जलदस्पंदी पेशी त्यांचा बराचसा भाग गाळून टाकतात व उत्तेजक पेशी मुख्यतः प्रत्यक्ष स्पर्शासच उत्तर देतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. स्वतःची हालचाल आणि बाहेरची वस्तू यांतील भेद करण्याचा आरंभ येथेच होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांतील उत्तेजक पेशींचे वर्तन अधिक संयमाचे आहे. स्पर्शागणिक त्यांच्या पटलावरील विद्युत्-विभव बदलते खरे. परंतु निरोधाचा वाटा मोठा असल्याने बहुतेक पेशींत ते स्पंद निर्माण होण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही. परिणामी एका स्पर्शाची वार्ता थोड्याच पेशी पुढे नेतात.

सर्वांत विस्मयकारक वर्तन मात्र याच स्तरांतील सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशींचे होय. लोझान येथे कार्ल पीटरसन यांच्या प्रयोगशाळेत जाग्या उंदरांतील या पेशींच्या नोंदी घेण्यात आल्या. त्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. उंदीर शांत बसलेला असता या पेशी स्वयंप्रेरणेने स्पंदत होत्या. मिशीस स्पर्श होताच किंवा उंदराने मिशा हलविताच त्यांचे स्पंदन घटले. नोंदलेल्या इतर कोणत्याही जातीने असे उलट उत्तर दिले नाही. पुढील वर्षी या कोड्याच्या एका भागाचा उलगडा झाला: मिशांच्या हालचालीशी संबद्ध असलेल्या बाह्यकाकडून येणारे तंतू व्हीआयपी पेशींना चेतवितात आणि या पेशी सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशींना आवरतात. निरोधकाचाच निरोध झाल्यामुळे उत्तेजक पेशींच्या शाखांवरील दडपण सैल होते. येथे पेशीचे मौन हेदेखील एक उत्तरच ठरते.

यावरून विद्यार्थ्याने दोन बोध घ्यावेत. पहिला सरासरीविषयी. समजा, दहा पेशींपैकी नऊंची क्रिया वाढली व एकीची थांबली. सरासरी ‘वाढ’ असेच सांगेल आणि जी एक पेशी थांबल्यामुळे इतरांना वाट मिळाली, तीच हिशेबातून नाहीशी होईल. दुसरा प्राण्याच्या अवस्थेविषयी. भूल दिलेला उंदीर मिशा स्वतःहून हलवून वस्तू चाचपत नाही; तेव्हा स्वेच्छेने केलेल्या स्पर्शाचा प्रश्न त्याच्यावर विचारताच येत नाही.

शिवाय वर्गीकरणासही अंतिम समजू नये. निरनिराळ्या स्तरांतील सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशींचे उपप्रकार प्राणी सक्रिय होताना परस्परविरुद्ध दिशांनी बदलतात, असे २०१७ मध्ये दिसून आले. म्हणजे ज्या नावाने आपण सरासरीच्या भ्रमातून सुटलो, त्याच नावाखाली नवी सरासरी दडलेली होती. म्हणून ‘मेंदूने प्रतिसाद दिला’ असे लिहिण्यापूर्वी कोणत्या पेशीने, कोणत्या स्तरात आणि प्राणी कोणत्या अवस्थेत असता, हे तीन प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय अभ्यासकाने लावून घेणे अगत्याचे आहे.