लक्ष लागणं, लक्ष टिकणं, लक्ष वळणं

आपल्या मराठीत 'लक्ष' या एका शब्दाला किती क्रियापदं चिकटतात बघा. लक्ष जातं, लागतं, टिकतं, वळतं, उडतं, आणि आई ओरडली की 'लक्ष कुठंय तुझं?' असंही होतं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानदेव श्रोत्यांकडे दुसरं काही मागत नाहीत, फक्त अवधान मागतात. म्हणजे अवधान ही देण्याची, जमवून आणण्याची गोष्ट आहे हे आपल्या भाषेला केव्हापासून ठाऊक आहे. मेंदूला मार बसला की हेच अवधान विस्कटतं. ते पुन्हा बसवण्याचं रीतसर शास्त्र आहे आणि ते शिकवलं जातं, हे मात्र मला मानसशास्त्राचा अभ्यास करत असूनही गेल्या उन्हाळ्यापर्यंत नीट माहीत नव्हतं.

माझे मामा भोपाळला चार इमलीत राहतात. चिंचेच्या नावाची ही सरकारी बंगल्यांची शांत वसाहत. स्कूटरवरून पडून त्यांच्या डोक्याला मार लागला. तीन महिन्यांनी ते चालत होते, बोलत होते, पेपर वाचत होते. भेटायला येणारे 'झाले की बरे!' म्हणून चहा पिऊन जात. पण दूध गॅसवर ठेवून मामा अंगणात निघून जायचे. दोघंजण एकदम बोलायला लागले की चिडायचे. पेपरातली तीच बातमी तीनदा वाचायचे. मामी म्हणायची, "अहो, मुद्दाम करता का तुम्ही?" ते मुद्दाम नव्हतं. आणि रजा संपत आली होती.

नेमकं काय बिघडतं?

डोकं जोरात आदळतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग कवटीच्या खडबडीत हाडावर घासतो, आणि मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात. कपाळामागचा भाग म्हणजे आपला कारभारी: काय आधी, काय नंतर, कुठे थांबायचं, हे तो ठरवतो. म्हणून हातपाय धड असतात, बोलणं धड असतं, आणि तरी दिवस धड जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस किंवा हट्ट वाटतो. घरातली निम्मी भांडणं या गैरसमजातून होतात.

सोहलबर्ग आणि मॅटीर या दोन अमेरिकी संशोधिकांनी 1980च्या दशकात लक्षाच्या पाच पायऱ्या मांडल्या. आपल्या क्रियापदांत सांगायचं तर: लक्ष जाणं, लक्ष टिकणं, गोंगाटातून हवं ते निवडणं, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं, आणि दोन कामांत लक्ष वाटणं. शिकणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की 'लक्ष नाही' एवढं म्हणून भागत नाही. पाचातली कुठली पायरी मोडली आहे ते शोधायचं. मामांची पहिली शाबूत होती, दुसरी डळमळीत, शेवटच्या दोन कोसळलेल्या.

हे शिकवतात कुठे?

याचा उगम युद्धांत आहे. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळ्या लागलेल्या सोव्हिएत सैनिकांवर अलेक्झांडर लुरिया यांनी काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की मोडलेला रस्ता जसाच्या तसा दुरुस्त होत नसेल, तर त्याच गावाला जाणारी दुसरी वाट बांधायची. आजचं प्रशिक्षण अजून याच विचारावर उभं आहे.

आपल्याकडची गोष्ट वाङ्मय मंडळाला आवडेल अशी आहे. अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फियाला जाऊन त्या व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, शिकल्या आणि 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातली या विषयाची पहिली शाळा सुरू केली. लेखिका जाई निंबकर यांच्या त्या सासूबाई. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं.

आज या कामाकडे जायच्या दोन मुख्य वाटा आहेत. बारावी सायन्सनंतर ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून काही वर्षांची. किंवा मानसशास्त्रात एमए करून क्लिनिकल सायकॉलॉजीचं पुढचं, रुग्णालयात राहून करायचं प्रशिक्षण. या दुसऱ्या वाटेसाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. परिषदेचा कायदा 1992चा. चार दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून हे काम करता येत नाही.

प्रशिक्षणात काय असतं?

आधी मोजणं. बंगळूरच्या निम्हान्सने 2004 साली चाचण्यांचा जो संच प्रसिद्ध केला, त्यात वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष यांनुसार वेगवेगळे निकष दिले आहेत. हे महत्त्वाचं आहे, कारण शाळेत न गेलेल्या बाईला पदवीधराच्या फुटपट्टीने मोजलं तर ती मार न लागताही 'नापास' होईल.

मग कामं ठरवणं. निम्हान्सच्या पद्धतीतलं एक काम ऐकून मामी हसलीच: मिसळलेलं धान्य निवडणं! आधी दोन प्रकारची धान्यं, मग तीन, मग आणखी; वेळ आणि चुका वहीत लिहायच्या. छापील पानावरचं एकच अक्षर शोधून खोडणं हेही तसलंच. सोपं वाटतं, पण किती सोपं द्यायचं आणि कधी अवघड करायचं, यातच सगळं कसब आहे. फार अवघड दिलं तर माणूस खचतो, फार सोपं दिलं तर जागचा हलत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण. धान्य निवडण्यात हुशार झालेला माणूस गॅस बंद करायला शिकतोच असं नाही. कॉम्प्युटरवरचे 'मेंदूचे खेळ' विकणारे हे सांगत नाहीत. खेळातला स्कोअर वाढतो आणि घरातलं दूध उतू जातच राहतं. म्हणून सरावाला युक्त्यांची जोड द्यावी लागते: खिशात वही, मोबाईलचा गजर, आणि मध्येच थांबून स्वतःला विचारणं, 'मी आत्ता काय करतोय? पुढे काय?' आणि सराव खऱ्या जागी न्यावा लागतो.

मामांकडे येणाऱ्या थेरपिस्ट ताई नागपूरला शिकलेल्या. महिनाभरानंतर त्यांनी मामांना बिट्टन मार्केटच्या हाटात नेलं. पाच वस्तू, दीडशे रुपये, आणि भाजीवाल्यांचा तो कल्ला. वही धरायला मी बरोबर. पहिल्या खेपेला दोन वस्तू आल्या आणि मामा रस्त्यातच संतापले. ताई शांतपणे म्हणाल्या, "काका, आज गर्दीच होती हो. पुढच्या वेळी सकाळी लवकर येऊ." त्या वाक्यात चूक मामांची नव्हती, परिस्थितीची होती, आणि पुढची पायरीही ठरलेली होती. सहाव्या खेपेला पाचही वस्तू आल्या. असं बोलणंसुद्धा शिकवावं लागतं आणि शिकावं लागतं.

रजा संपल्यावर मामा रुजू झाले, पण आधी अर्धा दिवस, एका वेळी एकच फाईल, दार बंद करून. स्कूटर अजून बंद आहे. पूर्वीचे मामा परत आलेत असं मी म्हणणार नाही. मामी आता 'मुद्दाम' हा शब्द वापरत नाही, हे मात्र मला मोठं वाटतं.

आपण काय करू शकतो?

एक साधी गोष्ट सांगते. स्मरणाच्या सरावासाठी ताईंना शब्दांच्या मराठी याद्या हव्या होत्या. मामांचं बालपण मराठीत गेलेलं. हिंदी यादीचं भाषांतर करून चालत नाही. शब्दांची लांबी सारखी हवी, ते सारखेच रुळलेले हवेत, आणि एकातून दुसरा सहज आठवता कामा नये. 'चूल' आणि 'तवा' एका यादीत आले की सराव फसला. मी आठवडाभर बसून याद्या केल्या आणि ताईंनी त्यातल्या निम्म्या बाद केल्या! शब्दाला किती वजन असतं हे मला तेव्हा कळलं.

2022 साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसं मेली. वाचलेल्यांपैकी कितीतरी जण डोक्याला मार घेऊन घरी परतले असतील, आणि त्यांच्याही घरी कुणीतरी 'मुद्दाम करता का?' म्हणत असेल. मामांना मराठी बोलणाऱ्या ताई मिळाल्या हे नशीब. ते दर वेळी नशिबावर सोडायचं नसेल, तर रोग्याच्या घरची भाषा नीट जाणणारी माणसं या पेशात यायला हवीत. आपल्या मंडळात कविता करणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एखाद्याने पदवीनंतर काय करायचं याचा विचार करताना या वाटेकडेही एकदा लक्ष द्यावं.