साखर जीएम आहे का? प्रयोगशाळा काय सांगू शकते आणि काय नाही

समजा, सोमेश्वरनगरच्या कारखान्यातली किलोभर साखर घेऊन तुम्ही प्रयोगशाळेत गेलात आणि म्हणालात, "ही जीएम आहे का ते तपासून द्या." रिपोर्ट येईल: 'आढळले नाही'. आता अमेरिकेतली साखर न्या. तिथल्या शुगर बीटचं जवळपास सगळं पीक जीएम, म्हणजे जनुकीय सुधारित आहे. तरी रिपोर्ट बहुधा तोच येईल: 'आढळले नाही'.

मग रिपोर्ट खोटा का? नाही. प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला गेला. आज तेच समजून घेऊ.

चाचणी नेमकं काय शोधते?

जीएम पिकात बाहेरून एक जनुक घातलेलं असतं. त्याच्या पुढे 'चालू' करणारा आणि मागे 'थांब' सांगणारा असे डीएनएचे दोन तुकडे जोडतात. बऱ्याच जीएम पिकांत हे तुकडे सारखेच असतात. 'चालू'चा तुकडा ३५एस नावाचा. तो फ्लॉवरवर पडणाऱ्या मोझॅक विषाणूतून घेतलाय. 'थांब'चा तुकडा नॉस, तो मातीतल्या एका जिवाणूचा.

प्रयोगशाळा आधी नमुन्यातून डीएनए काढते. मग पीसीआर यंत्रात हे तुकडे असतील तर त्यांच्या प्रती होतात. एका चक्रात एकाचे दोन, दोनाचे चार. ३० चक्रांत एका तुकड्याचे १०० कोटींहून जास्त.

आता गंमत बघा. नमुन्यात विषाणू लागलेल्या फ्लॉवर-कोबीचा अंश असेल, तर जीएम काहीच नसताना ३५एस सापडतो! म्हणून पहिली चाचणी नुसता संशय सांगते. पक्कं सांगायला दुसरी चाचणी लागते. बाहेरचं जनुक पिकाच्या डीएनएमध्ये ज्या जागी जोडलं गेलं, तो सांधा ती शोधते. प्रत्येक जीएम वाणाचा सांधा वेगळा, जणू अंगठ्याचा ठसा.

आणि टक्केवारी? सोयाबीनचं उदाहरण घेऊ. प्रत्येक सोयाबीनमध्ये असतंच असं लेक्टिन नावाचं एक जनुक आहे. ते कितव्या चक्रात दिसलं आणि जीएमचा सांधा कितव्या चक्रात दिसला, हे ताडून बघतात. जीएम १ टक्का असेल तर तो साधारण साडेसहा चक्रं उशिरा दिसतो. एवढं साधं गणित आहे.

मग साखरेत अडतं कुठे?

या सगळ्याला आधी डीएनए हवा. उसाचा रस चुना, गंधकाचा वायू आणि उष्णता यांतून जातो. गाळला जातो, आटवला जातो, मग त्याचे स्फटिक होतात. शेवटी हातात उरतं ते जवळजवळ शुद्ध सुक्रोज. डीएनए राहिलाच तर इतका थोडा आणि तुटका की नेहमीच्या चाचणीत सापडत नाही. साखरेचा रेणू मात्र जीएम बीटचा, साध्या बीटचा किंवा उसाचा, सगळीकडे एकच.

सरकीचं उदाहरण तर आपल्या गोठ्यातलंच आहे. भारतात २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली. आज देशातला बहुतेक कापूस बीटी आहे. त्याच सरकीची पेंड तपासली तर जीएम सापडू शकतं, पण रिफाइंड सरकी तेल तपासलं तर सहसा सापडत नाही. बी एकच, पण रिपोर्ट दोन.

साखरेसाठी एक वेगळी युक्ती आहे, कार्बनची. ऊस आणि बीट हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेतात, त्यामुळे उसाच्या साखरेत जड कार्बनचं (कार्बन-१३) प्रमाण थोडं जास्त असतं. त्यावरून साखर उसाची की बीटची हे कळतं. पण बीट जीएम होतं का, हे त्यातूनही कळत नाही. आणि २०१७ मध्ये ब्राझीलने खोड पोखरणाऱ्या अळीला तोंड देणाऱ्या जीएम उसालाही मान्यता दिली, तेव्हा 'उसाची आहे, म्हणजे जीएम नाही' हेही आता जगभर चालणार नाही.

नमुना किती घेतला?

डीएनए असला तरी दुसरी मेख आहेच. समजा, ट्रकभर मक्यात हजारात एक दाणा जीएम आहे. तुम्ही ३०० दाणे तपासायला दिले तर चारपैकी साधारण तीन वेळा तो हुकेल. ९५ टक्के खात्री हवी असेल तर ३००० दाणे लागतात, तेही पोत्यापोत्यांतून, वरून-मधून-खालून काढलेले. लाखोंचं यंत्र आणि वरच्या पोत्यातली मूठभर मका, याला अर्थ नाही.

म्हणून कागद लागतो

युरोपीय संघाने २००३ मध्येच हे ओळखलं. तिथल्या कायद्यानुसार माल विकणाऱ्याने पुढच्याला लेखी सांगायचं की यात जीएम आहे किंवा हे जीएमपासून बनलंय, आणि ती नोंद पाच वर्षं जपायची. तेलात डीएनए सापडत नसला तरीही! चुकून मिसळलेल्या मान्यताप्राप्त जीएमला ०.९ टक्क्यापर्यंत सूट आहे. भारतात एफएसएसएआयने मार्च २०२१ पासून २४ आयात पिकांना जीएम नसल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. इथे मर्यादा १ टक्का.

कागद कमी पडला की काय होतं? २०२१ मध्ये फ्रान्सने तांदळाच्या पिठात जीएम सापडल्याचं कळवलं. पीठ भारतातून गेलेल्या तुकडा तांदळाचं होतं, सुमारे ५०० टन. एका चॉकलेट कंपनीला माल परत मागवावा लागला. भारत सरकार म्हणालं, आमच्याकडे जीएम तांदूळ व्यापारी तत्त्वावर पिकतच नाही, भेसळ दळताना तिकडेच झाली असेल. 'जीएम आहे' हे पीसीआरने सांगितलं. 'कुठे मिसळलं' हे तो सांगू शकत नाही. ते फक्त नोंदी सांगतात.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे भरपूर आहे. ऊस नोंदीत गट नंबर, वाण आणि लागण तारीख असते. पुढे तोडणीची चिठ्ठी आणि वजनकाट्याची पावती येते. गव्हाणीत मोळी पडली की सगळ्यांचा ऊस एक होतो, हे खरं. पण तोवरचा माग लागतो. को ८६०३२ असो की नीरेपलीकडच्या पाडेगाव केंद्राचा फुले २६५, दोन्ही साध्या संकरातून आलेले वाण आहेत, आणि भारतात जीएम उसाला लागवडीची परवानगी नाही. तेव्हा 'आमची साखर जीएम नाही' याचा खरा पुरावा ही वाणाची नोंद आहे. साखरेचा पीसीआर रिपोर्ट हा पुरावा नाही.

उद्या एखाद्या शेतकरी कंपनीला खरेदीदाराने 'जीएम-फ्री' रिपोर्ट मागितला, तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. तपासणार काय, दाणा, पेंड, की तेल-साखर? नमुना कसा आणि किती घेणार? पिकाचं स्वतःचं जनुक सापडलं का, म्हणजे नमुन्यात डीएनए होता का? आणि किमान किती टक्के असेल तर ही चाचणी पकडते? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर 'आढळले नाही' या शब्दांना काही किंमत नाही. त्यापेक्षा नोंदवही नीट ठेवा.