बटू सिक्लिड : ओळख, नर-मादी आणि निगा

आमच्या घरच्या काचेच्या टाकीपुढे विद्यार्थी उभे राहिले की एक प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, यातला नर कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास काय होते, हे आम्ही एका जिवाच्या मोलाने शिकलो. दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेले अपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस जातीचे दोन मासे प्रत्यक्षात दोन्ही नर निघाले. दोन फुटांच्या टाकीत धाकट्याला पळायला जागा नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी, शेपटी कुरतडलेला तो तळाशी मृत आढळला.

सिक्लिड हे आफ्रिका व अमेरिकेत प्रामुख्याने पसरलेले मोठे मत्स्यकुळ. भारतातही त्याच्या तीन जाती आहेत. गोव्याच्या ताटातला कालुंदर त्यांपैकीच एक. या कुळातील माशाला नाकपुडी दोन्ही बाजूंस एकेकच असते आणि अंगावरील पार्श्वरेषा मध्येच तुटून दोन भागांत चालते. ‘बटू सिक्लिड’ हा मात्र शास्त्रीय गट नव्हे. साधारण दहा सेंटिमीटरच्या आत राहणाऱ्या जातींना हौशी मंडळींनी दिलेले ते सोयीचे नाव होय.

काकाटुऑइडिस हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. प्रौढ नर सात-आठ सेंटिमीटरचा, पाठीवरच्या पराचे पुढील काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उंच वाढलेले. नावही त्यावरूनच पडले. मादी जेमतेम पाच सेंटिमीटरची, आखूड परांची. अंडी घालण्याच्या काळात ती हळदीसारखी पिवळी होते आणि अंगावर काळ्या खुणा उमटतात. घोटाळा होतो तो कोवळ्या माशांत. दबलेला नर मादीसारखाच फिकट राहतो व तुरा फुलवत नाही. आमची फसगत झाली ती नेमकी येथेच. म्हणून आम्ही आता सहा-सात पिल्ले एकत्र वाढवून, रंग चढल्यावरच निवड करतो.

रामिरेझी हा ओरिनोको नदीच्या गवताळ प्रदेशातला, व्हेनेझुएला व कोलंबियाचा रहिवासी. 1948 साली त्याचे वर्णन झाले तेव्हा तो अपिस्टोग्रामातच गणला गेला होता. पुढे तो वेगळ्या प्रजातीत गेला. दुकानातील ‘जर्मन राम’ या पाटीवरून तो जर्मनीच्या नद्यांत सापडतो असे कोणी समजू नये (इतिहासाच्या शिक्षकाला एवढी टिप्पणी क्षम्य असावी). याच्या मादीचे पोट गुलाबी असते आणि कुशीवरच्या काळ्या ठिपक्यात निळे कण चमकतात. पश्चिम आफ्रिकेतील क्रिबेन्सिसमध्ये तर प्रणयाचा पुढाकार मादीच घेते. ती ठेंगणी, गोलसर व चेरीसारख्या लाल पोटाची असते.

आणखी एक विलक्षण गोष्ट. अपिस्टोग्रामाच्या बहुतेक जातींत पिल्लांचे लिंग पहिल्या काही आठवड्यांतील पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. एकोणतीस अंशांच्या आसपास नर अधिक निपजतात, तेवीसच्या आसपास माद्या. एकाच विणीतले सगळे नर निघाले, तर दोष नशिबाला न देता आधी हीटर तपासावा.

निगेविषयी थोडे. नवी टाकी भरून लगेच मासे सोडणे हा सर्वांत मोठा अपराध. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. बोअरचे जड पाणी या जातींना मानवत नाही, अंडी फुकट जातात. त्यात पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकावा आणि दर आठवड्यास पाव टाकी पाणी बदलावे. देशी बदामाची वाळकी पाने तळाशी टाकली की पाणी चहासारखे तांबूस होते आणि मासे निर्धास्त होतात. अपिस्टोग्रामास पंचवीस-सव्वीस अंश पुरतात. रामिरेझीला मात्र अठ्ठावीसच्या आसपास ऊब हवी.

काकाटुऑइडिसची मादी अंडी गुहेच्या छतास चिकटवते. भोक पाडलेली नारळाची करवंटी उपडी ठेवली की तिची गुहा तयार. तीनेक दिवसांत अंडी फुटतात, आणखी पाचेक दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. त्यांना ताजे उबवलेले आर्टेमिया द्यावेत. या दिवसांत मादी नराला जवळ फिरकू देत नाही, आणि टाकी लहान असेल तर तिच्याहून दीडपट मोठ्या नराचा जीवही घेते. आमच्या टाकीत सध्या करवंटीच्या तोंडाशी एक पिवळी मादी पहाऱ्यावर आहे. नर परवाच दुसऱ्या टाकीत हलवला.