मांडवातले घड्याळ आणि फोटोवाला



खताची मात्रा, चिकूची काढणी, भाताची रोपवाटिका यांवर आजवर तुमच्याशी पुष्कळ बोललो. आजचा विषय निराळा आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याला लग्नाच्या फोटोंतले काय कळते, असे कुणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण डहाणू-तलासरी भागात नोकरीची बरीच वर्षे गेली. तुळशीचे लग्न लागले की पहिल्या पावसापर्यंत आमच्या टेबलावर पत्रिकांचा ढीग साचतो, आणि बहुतेक ठिकाणी जावेच लागते. मांडवात बसून जे पाहिले आणि एकदा घरातच जे सोसले, ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचे लग्न मसोलीला झाले. फेब्रुवारीचा महिना, मुहूर्त दुपारी बारा पंचवीसचा. फोटोवाल्याला आठला बोलावले होते, तो दहाला आला. आला तो नवरीला सजवलेल्या अवस्थेत वाडीत घेऊन गेला. चिकूच्या झाडांत तासभर फोटो चालले. इकडे गौरीहराशी पाट मांडून भटजी वाट पाहत बसलेले. अक्षता पडल्या तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे होती. मग रंगमंचावर पाहुण्यांची रांग लागली. चारला नवरा-नवरीला मोटारीत घालून समुद्रावर नेले, कारण सूर्य मावळतानाचे फोटो हवे होते. परत यायला सव्वासात झाले. पाठवणी अंधारात उरकली.

या सगळ्यात माझी आई, वय ब्याऐंशी, सकाळी नऊपासून पडवीत खुर्चीवर बसून होती. ठेवणीतले हिरवे लुगडे नेसली होती. दोनतीनदा तिने विचारले, "मला कधी बोलावतात रे?" आम्ही म्हणालो, "आत्ता, आई." तीनच्या सुमारास ती आत जाऊन आडवी झाली. कंटाळून नव्हे, कंबर धरली म्हणून.

पुढे अल्बम आला. मोठा, जाडजूड पानांचा. पेनड्राइव्हमध्ये तर शेकडो फोटो. त्यांत आजी आणि नात एकत्र असा एकही नाही. एका फोटोत गर्दीच्या मागे आईच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसतो. त्याच वर्षी श्रावणात आई गेली. फोटोवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. पडवीतली म्हातारी कोण, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. दिवसाचा आराखडा त्याच्या हाती दिला होता आम्ही, आणि तो त्याने त्याच्या सोयीने केला.

आपल्याच तालुक्यातली एक जुनी रीत पाहा. वारली घरात लग्न असले की भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. सवाशिणी तो काढतात, चौकात पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते. चौकावाचून लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला जगभर पोहोचली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. पण मला त्यातली निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथेही लग्नात चित्र आहेच. मात्र त्याची जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, ते कुणी काढायचे हेही ठरलेले आहे. आपल्या फोटोंना अशी जागा आपण ठरवून देत नाही, म्हणून ते सगळ्या दिवसावर पसरतात.

आमच्या वेळी हा प्रश्न नव्हता. एका रोळात छत्तीस फोटो निघत. फोटोग्राफर दोन, फार तर तीन रोळ आणी आणि प्रत्येक फोटो मोजून काढी. अंतरपाट, हार, सप्तपदी, घरची मंडळी, संपले. आता यंत्रात मोजदाद राहिली नाही. फोटोला पैसा पडत नाही असे वाटते, पण वेळ पडतो. मुहूर्ताच्या दिवशी पैशापेक्षा वेळ महाग.

तेव्हा लग्नाआधी आठ दिवस एक कागद घ्या. सर्वांत आधी मुहूर्ताची वेळ लिहा आणि तिथून मागे मागे या. पेरणीची तारीख धरून आपण रोपवाटिकेचा दिवस काढतो, तसेच. बारा पंचवीसचा मुहूर्त असेल तर साडेअकराला नवरी गौरीहराशी बसलीच पाहिजे. नेसणे-सजणे दोन तासांत होत नाही, अडीच धरा. म्हणजे नऊला ती खोलीत गेली पाहिजे. मग घरच्या मंडळींचे फोटो कधी? आठ ते नऊ. त्या वेळी ऊन कोवळे असते, पाहुणे आलेले नसतात आणि म्हाताऱ्यांचे डोळे उघडे असतात! नवरी साध्या हळदीच्या साडीत असली तरी चालेल. आजी, आजोबा, थोरले काका, अंथरुणाला खिळलेले कुणी असेल तर त्यांच्या खाटेपाशी जाऊन, हे फोटो सर्वांत आधी. नवऱ्याच्या घरीही हेच करा.

आणि हो, गोठा विसरू नका. जनावराला मुहूर्त कळत नाही. पहाटेची आणि संध्याकाळची धार कोण काढणार त्याचे नाव कागदावर लिहा. नाहीतर घरधनी फोटोत आणि म्हैस दाव्याला ओरडते, असे मी पाहिले आहे.

गटांची यादी करा. माझ्या घड्याळाप्रमाणे एका गटाला तीन मिनिटे लागतात. माणसे गोळा करण्यात दोन, फोटोला एक. म्हणजे वीस गटांना एक तास. यादी चाळीस गटांची झाली तर ती निम्मी करा किंवा जेवणाची वेळ पुढे ढकला. दोन्ही एकदम होत नाही. माणसे बोलवायला नवरीकडचा एक आणि नवऱ्याकडचा एक असे दोघे नेमा. ते नात्यागोत्यातले आणि खड्या आवाजाचे हवेत. हे काम बहुधा मामा चांगले करतात. फोटोवाल्याला आत्या कोण आणि मावशी कोण हे कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही.

आता उजेडाबद्दल. भर दुपारी उघड्यावर फोटो काढला तर कपाळाची आणि फेट्याची सावली डोळ्यांवर येते, माणूस आजारी दिसतो. चिकूच्या दाट सावलीत दुसरी अडचण. पानांतून येणारा उजेड हिरवा असतो, तो चेहऱ्यावर उतरतो, आणि मधूनमधून उन्हाचे कवडसे पडतात. झाडाखाली उभे राहायचे तर सावलीच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून राहावे. मांडवाचे कापडही पाहून घ्या. लाल-निळ्या छताखाली माणसे लाल-निळी होतात. जिथे विधी होणार तिथे वर पांढरे किंवा फिकट कापड लावायला मांडववाल्याला सांगा. या एका गोष्टीने फोटो जितके सुधारतात तितके महागड्या कॅमेऱ्यानेही सुधारत नाहीत.

विधी चालू असताना फोटोवाल्याने कुठे उभे राहायचे तेही आदल्या दिवशी ठरवा. हल्ली अंतरपाटाभोवती तिघे-चौघे कॅमेरेवाले उभे राहतात आणि अक्षता टाकणाऱ्याला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. हार पुन्हा घाला, मंगळसूत्र पुन्हा बांधा, असे भटजींना थांबवून सांगणारेही मी पाहिले. हे मुळीच चालू देऊ नका. एकदा झाले ते झाले. आणि वरातीला बैलगाडी असेल तर ते उडते यंत्र बैलांच्या डोक्यावर आणू देऊ नका. त्याच्या घोंघाटाने बैल बुजले तर गाडीत नवरा-नवरी आहेत हे त्यांना थोडेच कळणार!

राहिला समुद्र. मुलांना तिथले फोटो हवेच असतात आणि त्यात वाईट काही नाही. किनारा पश्चिमेकडे, मागे सुरूची झाडे. जागा सुंदर आहे. पण लग्नाच्याच दिवशी कशाला? डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीत साडेसहानंतर, मे महिन्यात सातच्या आसपास. म्हणजे नेमकी पाठवणीची वेळ. त्यापेक्षा सत्यनारायणाची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पाचला जा. झोप झालेली असते, चेहरे मोकळे असतात. तेवढी भरती-ओहोटी पाहा. ती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, म्हणजे सूर्यास्ताला पाणी लांब गेलेले असते आणि शालू ओल्या वाळूतून ओढत न्यावा लागतो. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी पाणी जवळ असते. मच्छीमार शेजारी असेल तर त्यालाच विचारा, तो पंचांग न उघडता सांगेल.

व्यवहाराचेही लिहून घ्या. किती वाजता येणार, किती माणसे आणणार, फोटो किती दिवसांत देणार. सगळे पैसे आधी देऊ नका. अल्बम हाती आला की राहिलेले द्या. फोटोंच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. वधूवरांचे चांगले फोटो लगेच मागून घ्या, कारण विवाह नोंदणीला पत्रिका आणि तीन साक्षीदार यांच्याबरोबर फोटोही लागतात. खेडेगावात नोंदणी ग्रामपंचायतीत होते.

गेल्या वर्षी घरात दुसरे लग्न झाले, पुतण्याचे. असा कागद लिहून मी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. भावजय हसली, म्हणाली, "भाऊजी, हे काय खताचे वेळापत्रक आहे?" बँडवाले तरी उशिरा आलेच, आणि मामांनी यादीबाहेरचे सात गट घुसवले. पण सव्वाआठला पडवीत थोरल्या काकांचा फोटो झाला. त्यांनी तिथे बसायला नकार दिला. म्हणाले, मला वाडीत न्या, पहिल्या झाडापाशी. ते कलम त्यांनी लग्नाच्या वर्षी लावले होते. दोघांनी धरून नेले, नवरदेव मुंडावळ्या हातात घेऊन मागे. झाडाच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून काकांना उभे केले. एक हात खोडावर, दुसरा नातवाच्या खांद्यावर. परत मांडवात आलो तेव्हा नऊला पाच मिनिटे कमी होती.