अंदमानला डायव्हिंग? आधी परतीचं विमान बघा

स्कूबाची आखणी परतीच्या तिकिटापासून सुरू करा. पाण्याखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. लगेच विमानात बसलात, तर तिथल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, जास्त असतील तर १८ तास मध्ये ठेवा. म्हणून हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) आधी उरका, सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी.

डिसेंबर ते एप्रिल समुद्र बराच शांत असतो. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकासोबत पहिली डाइव्ह करता येते. त्यात १२ मीटरपेक्षा खाली नेत नाहीत. खाली जाताना कान दुखायची वाट बघू नका, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत राहा. सर्दी असेल तर सरळ रद्द करा, पैसे गेले तरी चालतील!

नुसतं स्नॉर्केलिंग करायचं तर एलिफंट बीच उत्तम. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तरच घ्या. आणि प्रवाळावर उभं राहू नका, कृपा करून. तो दगड दिसतो, पण जिवंत असतो.