विमानाचे अंतर आणि घड्याळाचे तास

कुंकवाच्या उत्पादनासाठी ओळखले जाणारे, करमाळा तालुक्यातील केम हे गाव पुणे–सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान वसले आहे. रुळांवरचे अंतर ठरलेले असते आणि त्यावरून प्रवासाच्या वेळेचा अंदाजही बहुधा बरोबर येतो. परंतु हाच हिशेब विमानाला लावला की अनेक गैरसमज निर्माण होतात.

भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क यांना जोडणारी सरळ रेघ हाच सर्वांत जवळचा मार्ग, असे मानले जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधील किमान अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर आखलेल्या वर्तुळावर, मोजावे लागते. या दोन विमानतळांमधील असे अंतर सुमारे 12,530 किलोमीटर भरते आणि ती रेषा आइसलंडच्या पूर्वेस जवळजवळ 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते. प्रत्यक्ष विमान मात्र बंद हवाई हद्दी व हवामान टाळत याहून लांब मार्गाने जाते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे मुक्कामाचे ठिकाण आपणहून सरकत येते, हा समज सर्वांत चिवट आहे. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते आणि विमान त्या हवेतच उडते, त्यामुळे असा फायदा मिळत नाही. उलट, मध्य अक्षांशांवर सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला अडवतात आणि पूर्वेला जाणाऱ्याला पुढे ढकलतात. म्हणूनच मुंबईहून लंडनला जाण्यापेक्षा परत येण्यास साधारणपणे कमी वेळ लागतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे उड्डाण अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले, तेव्हा अंतर सुमारे 15,300 किलोमीटरपर्यंत वाढले, तरीही पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे वेळ वाचला. जास्त अंतर म्हणजे जास्त वेळ, या गृहीतकाला यापेक्षा बोलके उत्तर सापडणे कठीण.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, हेही अनेकदा विसरले जाते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते; समजा, मुंबईहून मध्यरात्री एक वाजता निघालेले विमान तेथे त्याच दिवशी सकाळी सात वाजता उतरले, तर प्रवास सहा नव्हे, साडेसोळा तासांचा झाला. शिवाय छापील कालावधीत धावपट्टीपर्यंत सरकत जाण्याचा आणि रांगेत थांबण्याचा वेळही धरलेला असतो, त्यामुळे अंतराला त्या तासांनी भागून विमानाचा वेग काढणे चुकीचे ठरते.

सोलापूर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे 360, तर रेल्वेचे सुमारे 455 किलोमीटर आहे, म्हणून केमकरांनाही सोलापूरहून उडणे जवळचे पडेल, असे वाटू शकते. मात्र केमहून सोलापूर मुंबईच्या विरुद्ध दिशेला, आग्नेयेकडे आहे. तिकडे जाणे, उड्डाणापूर्वीची तपासणी आणि थांबणे हे सारे मोजल्यावर तासाभराच्या उड्डाणाने वाचलेला वेळ बराचसा आधीच खर्च होऊन गेलेला असतो.